डावा हात

उजव्या हाताला मी टोचत नाही.
तो सरकारी आहे.
मिनिटाला शंभर शब्द पकडतो,
त्याच्या बोटांना भोकं पडून चालत नाही.
डाव्याची चार, आळीपाळीनं.
अंगठा घरचा, कणकेसाठी राखून.

लष्करात सकाळी सहाला
नळाआधी थेंब येतो.
१६२.
रात्री मी जे मोजलं नव्हतं
ते मोजलं गेलं.
"किती?" नवरा मोरीतून विचारतो.
"ठीक," म्हणते.
हा आकडा नव्हे, पण त्याला चालतो.

कोर्टात मी शितोले मॅडम.
ळ इथं कुणाच्या जिभेवर टिकत नाही,
वीस वर्षांत मीही दुरुस्त करणं सोडलं.
हिवाळ्यात वकील मुरैन्याची गजक वाटतात,
"एक टुकड़ा तो चलेगा, मैडम."
मी पदराच्या टोकाला बांधून घरी आणते.
ज्या वर्षी बढतीची यादी लागायची होती
त्याच वर्षी रिपोर्ट आला.
रिपोर्ट साड्यांच्या घडीखाली गेला,
बढती दुसऱ्याच कुणाकडे.
लपवायची सवय तेवढी माझ्याकडे राहिली.

आता मे. किल्ल्याचा दगड
रात्री अकरालाही तव्यासारखा.
ऑफिसात कूलर एक, फ्रिज नाही.
रेकॉर्ड रूममध्ये, अठ्ठ्याण्णवच्या दिवाणी बस्त्यांमागे
ओल्या वाळूत एक मडकं बसवलंय,
त्यात माझं इन्सुलिन.
वाळू रामसेवक भिजवतो.
त्याला मी सांगितलं होतं, डोळ्यांचं औषध.
"जी मैडम," म्हणाला.
दोन महिन्यांनी, न विचारता, बादली खाली ठेवत,
"हमारी अम्मा भी लेती थीं.
यही, आँख वाली. पेट में."

दुपारी एक. धुळीत उभी राहून
पदर बाजूला, चिमटीत कातडी, दहा युनिट.
डब्याचं झाकण उघडलं आणि हाक आली,
"साहब बैठ गए. जमानत का ऑर्डर है."

इन्सुलिनला ऑर्डर कळत नाही.
ते निघालेलं असतं.

साहेब हळू सांगतात, भले आहेत.
आवेदक के विरुद्ध... यह भी तर्क है कि...
मी घेत होते.
शॉर्टहँडमध्ये प बारीक, ब जाड,
फरक फक्त दाबाचा.
आधी तोच गेला.
सगळे ब प झाले. मग रेघा
ओळीवरून घसरून खाली.
ओठांभोवती मुंग्या, ब्लाउज पाठीला चिकटलेला,
साहेबांचा आवाज खालच्या मजल्यावरून.
आणि मी लिहीतच होते.
डिक्टेशन थांबवणारा स्टेनो म्हणजे...
जाऊ दे.

डावा हात वर गेला. मी नेला नाही.
"सर, रुकिए."

पेन्सिलींच्या डब्यात ग्लुकोजची पुडी होती.
पाणी कुठे दिसेना, तळहातावर ओतून
भर कोर्टात चाटली,
मांजरीनं पंजा चाटावा तशी.
पांढरं हनुवटीवर, पांढरं डायरीवर.
यंत्रावर ५४.
समोर शिपायानं मनगट धरलेला एक पोरगा,
विशीतला, सतरा महिने आत.
त्याचं सुटणं माझ्या पेन्सिलीशी अडलेलं.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता,
मी घोट गिळला की त्याचाही कंठ हलायचा.

पंधरा मिनिटं.
पंखा, घड्याळ, कुणाचं तरी खोकणं.
साहेब फाईल वाचल्यासारखं करत होते,
पान उलटत नव्हते.
रामसेवकनं माझा डबा आणून
टाइपरायटरच्या जुन्या स्टुलावर ठेवला,
झाकण काढून.
८१.
"लीजिए सर," मी म्हटलं.

पोरगा सुटला. ऑर्डरमध्ये
थांबल्याची नोंद नाही, ती नसतेच.
संध्याकाळी टाइप करताना
एक अख्खी ओळ लागेना.
हात माझा, लिपी माझी,
आणि मी परकी बाई असल्यासारखी
तिच्याकडे बघत बसले.
साहेबांना जाऊन विचारलं.
त्यांनी सांगितलं, मग चष्मा पुसत,
"एक बजे के बाद बैठा करेंगे. डेढ़ बजे."

ती ओळ मी खोडली नाही.
समासात ५४ लिहिलं, खाली ८१,
तारीख घातली.
घरी नवऱ्यानं विचारलं, "किती?"
डायरी त्याच्यापुढे सरकवली.
त्याला शॉर्टहँड येत नाही.
त्यानं समास वाचला.