सतरावं झाड

शनिवारी रात्री वावधान आलं.
रविवारी उजाडता बीटवर तिघं: मी, फुलसिंग आणि टेप.
गौताळ्याच्या वरच्या अंगाची पायवाट
पहिल्याच वळणावर बसकण मारून बसलेली.
धावडा, काकड, दोन मोई, पुन्हा धावडा.
घेर मोजायचा, लांबी मोजायची,
हातोड्याचा ठसा साहेबांनी मारायचा.
तोवर कुऱ्हाड लावायची नाही.
साहेब मीटिंगला.
फुलसिंग तंबाखू मळत बसला
धावड्याच्या सावलीत, जी काल रात्रीपासून
त्याच्या कमरेएवढीच उरली होती.

सतरावं झाड सलईचं.
ते वाटेवर पडलं नव्हतं, वाट घेऊनच पडलं होतं.
मुळांच्या चक्कीला चिकटून
तळव्यांनी वर्षानुवर्षं चोपलेली, घोटीव,
हातभर रुंदीची माती
माझ्या डोळ्यांसमोर उभी,
तिच्यात बाटलीचं एक झाकण
आणि शेळीच्या खुराचा अख्खा ठसा,
आभाळाकडे चढत निघालेला.

चिरलेल्या सालीतून डिंक येत होता.
वास असा, की फुलसिंगनं चपला काढल्या.
मग माझ्याकडे बघून हसला,
परत घातल्या.

नवाच्या सुमाराला दोन पोरं आली,
पाठीवर पिशव्या, बुटांना नवी नाडी.
मोबाईलवरची निळी रेघ
बुंध्यातून आरपार जात होती.
"मॅडम, रस्ता तर इथूनच दाखवतोय."
फुलसिंग म्हणाला, "मंग जा की."

पंचनाम्याला पंच लागतात दोन,
आणि वानरं सही करत नाहीत.
तौफीक म्हणाला, आम्ही चालू का?
सुमेधनं पेनसुद्धा स्वतःचं काढलं.
घेर एक मीटर चाळीस.
उंची (आता लांबी) अकरा.
पडण्याचे कारण: मी लिहिलं, वादळ.

फुलसिंग वाकला.
फुटलेल्या खोडात कोपरापर्यंत हात घातला,
मूठभर भुसा काढून माझ्या वहीशेजारी ठेवला.
त्यात वाळवी चालत होती, निवांत.
"वाऱ्याचं नाव कामून घेता मॅडम?
हे धा वर्सांपासून पडायलं होतं.
वारा आला अन् गावला."

मी वादळ खोडलं नाही.
पुढे स्वल्पविराम दिला
आणि दीड ओळ मोकळी सोडली.
त्यावर पोरांनी सह्या केल्या,
बोटांना डिंक तसाच.

मग तुटलेल्या फांद्या उचलून
फुलसिंग उतारावर रोवत गेला, दहा पावलांना एक.
पोरांनी मागून दगड मांडले.
कुसळी गवत चौघांच्या पायांखाली
एका बाजूला कललं, पुरतं नाही,
म्हणावं की नाही असं.
"ही आता मोबाईलवर येईल का?" मी विचारलं.
तौफीकनं खांदे उडवले.
सुमेध कुसळं काढत होता मोज्यातली.

साहेब आले ते आषाढात.
ठसे पडले, करवत चालली, ट्रॅक्टर घाटाखाली गेला.
जुनी वाट मोकळी आहे, तसा अहवालही गेला.
पण शेळ्या खालूनच जातात.
शेळ्यांमागून सकरीबाई,
सकरीबाईमागून रविवारची माणसं,
सगळे त्या रिकाम्या जागेला
वळसा घालून.

रोवलेल्यांपैकी सहा फुटल्या.
पानं तांबूस, अजून घडी न मोडलेली.
टेप काढला, कसा काढला कळलंच नाही.
घेर माझ्या करंगळीएवढा.
आकडा कुठं मांडू?
फुलसिंग म्हणाला, राहू द्या,
त्यांना मोजलेलं मानवत नाही.

वहीचं ते पान पुढच्या पानाला चिकटलंय.
ओढलं तर पंचांच्या सह्या फाटतील.
परवा रेंज ऑफिसच्या खिडकीत, उन्हात
तशीच उघडी ठेवून चहाला गेले.
परत आले तर कारकून आढ्याकडे बघत विचारत होता,
"आज उदबत्ती कोणी लावली?"