तीन मीटर इकडंतिकडं

येमूलांच्या दुकानात काचेवर दोन यंत्रं ठेवलेली.
एक पिवळं, अंगावर जाड रबराचं कातडं.
दुसरं काळं, चपटं, बोटानं सरकवायचं.
"कशाला पायजे बे?" अंबादासशेठनी विचारलं.
मी म्हटलं, वनखात्याचं काम.
नान्नजचा माळ, मागची लावणीची झाडी,
ओघळी, काटेरी खबदाडं.
बाप शेजारी उभा होता. गप्प.

काळ्याचा पडदा मला ओळखेना.
माझ्या बोटांत हिवराचे काटे मोडलेले,
कातडी पार दगड झालेली.
पिवळ्याला बटणं होती, ठोकळ,
अंधारात चाचपून सापडणारी.
साध्या दोन सेलवर चालतंय, शेठ म्हणाले,
किराणा दुकानात मिळतात तसल्या.
मनात पिवळं घेऊन टाकलं होतं मी.
तरी म्हटलं, झाडाखाली दाखवा.

मग शेठच्या पोरासंगं एका गाडीवर तिघं,
विजापूर रोडनं वनविहारात.

कडुनिंबाखाली दोन्ही चालू केली.
उपग्रह शोधत आहे.
उपग्रह शोधत आहे.
तोवर बापाला दिसलं होतं:
मुंगूस गेलंय इथनं, मघाशीच,
आणि एकटं नव्हतं.
आम्ही जागचे हललो नव्हतो, तरी काळ्या यंत्रावर
आमचा माग उमटत होता,
पिऊन आलेल्या माणसाचा असावा तसा.
"झाडीत होतं असं," पोरगा म्हणाला,
"पिवळं बरंय. तीन मीटर इकडंतिकडं."
बाप हसला. "उभा असून हिंडायलंय की रे हे."

पिवळ्यात खुणांची चित्रं होती.
कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात
शिकाऱ्यांसाठी घडवलेलं यंत्र.
मचाण. खूर.
शिंग घासलेलं झाड.
एक लाल थेंब.
"हे काय?" बापानं थेंबावर नख टेकवलं.
रक्ताचा माग, मी म्हणालो.
त्यानं नख तिथंच ठेवलं बराच वेळ.
मग साऱ्या सौद्यात एकच प्रश्न विचारला:
"याचा आवाज बंद होतो का?"

पोरानं टिकटिक बंद करून दिली.
आठशे रुपये मी खिशातले घातले.

आता लांडगीच्या बिळावर मी मचाणाचं चित्र लावतो,
बिळाचं चित्रच नाही त्यात.
पाणवठ्याला खूर.
आणि लाल थेंब लावतो
क्लचवायरचा फास सापडेल तिथं.
बाप वायर बोटांत फिरवून बघतो, थुंकतो.
आपला फास कसा होता ते सांगत नाही.
सुरमल काळे या नावानं माळावर काय काय पडलं,
तेही सांगत नाही.
चौदा वर्षं झाली.

परवा दिवस मावळताना
यंत्र त्याच्या गळ्यात होतं.
बघतो की चालवून, एवढंच म्हणाला.
परत आला तेव्हा ताटातली भाकरी वातड झालेली.

रात्री मी पडदा उघडला.
गिरिपुष्पाच्या झाडीत शिरलेली एक रेघ,
सरळ, कुठं अडखळली नाही,
जणू झाडी नव्हतीच तिथं,
जणू अजून उघडं गवतच आहे, गुडघ्याएवढं.
मग रेघ थांबते.
आणि थांबल्या जागी गिरगटा,
रेघेवर रेघ, रेघेवर रेघ,
उभ्या माणसाचं हिंडणं.
त्रेपन्न मिनिटं.

खूण कसलीच लावलेली नाही.
बटण त्याला येत नाही म्हणावं
तर सकाळी माझ्याआधी त्यानंच पाणवठ्याला खूर लावला होता.

तीस तारखेला ऑफिसात
महिन्याच्या सगळ्या वाटा संगणकात उतरवून घेतात.
एवढी एक ठेवू की पुसू?
बाप पलीकडं कूस बदलतो. झोपलेला नाही.
सेल उतरत आलेत,
पडदा हळूहळू विझतोय,
अंगठा बटणावर.