किमान तापमान

पाच जानेवारी. पाषाण, नऊ पूर्णांक दोन. सुरू झाली नाही.
सहा. आठ पूर्णांक सहा. पहिल्या झटक्यात.
सात. रविवार. मी तिच्याकडे पाहिलं नाही,
तिनंही माझ्याकडे नाही.

वही माझी. एकतीस वर्षं हवामान खात्यात
लोकांची थंडी आकड्यांत उतरवली,
मग स्वतःच्या गाडीची का नाही?
पहाटे मला कुठेही जायचं नसतं.
पहिलं निरीक्षण साडेपाचचं असायचं,
म्हणून साडेपाच.

अठ्ठ्याण्णवची आठशे, रंग मूळचा पांढरा.
शेजारच्या गाड्या बटण दाबलं की बोलतात.
हिचा चोक ओढावा लागतो.
मग ती खोकते, पुन्हा खोकते,
आणि खर्र खर्र करून गप्प.
बिरादार वॉचमन मफलर सोडत विचारतो,
"म्याडम, ढकलू का?"
ढकलून उपयोग नसतो. पण तो ढकलतो,
त्यालाही तेवढीच ऊब.

नऊला ऊन कंपाउंड ओलांडून
बॉनेटवर येऊन बसतं,
आणि गाडी अशी सुरू होते
जणू पहाटे कोणी दुसरीच उभी होती इथे.

गुलाब तांबोळींचं गॅरेज नाना पेठेत.
तिथवर जाईतो सगळं छान,
डॉक्टरांच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तसं.
तांबोळी कान लावतात, डोळे मिटतात.
"हिला काही झालेलं नाही, मॅडम."
तरी प्लग बदलले. बॅटरी बदलली.
कार्बोरेटर खोलून, पेट्रोलनं आंघोळ घालून परत बसवला.
तीन बिलं, वहीच्या तीन पानांना टाचलेली.
वरच्या मजल्यावरचे केंजळे म्हणतात, विकून टाका.
केंजळ्यांना मी विचारलेलं नसतं.

अठरा जानेवारी. सहा पूर्णांक नऊ.
मोसमातलं सर्वांत कमी. किल्ली बोटांना चिकटत होती.
सुरू!
एकोणीस. अकरा पूर्णांक चार, काचा घामेजलेल्या.
शेवटपर्यंत नाही.

आकडे माझ्या बाजूनं बोलेनात.
तांबोळींना फोन केला:
तिची वेळ असते तेव्हा तुम्हीच या.

सव्वापाचला आले, कानटोपीत, स्कूटरवरून,
मागे नातू टॉर्च छातीशी धरून.
चहाचं विचारलं, तर "आधी पेशंट."
रामनदीकडून धुकं चढत होतं.
बॉनेट उघडलं, नातवानं टॉर्च लावला.
"विझव."
"मग दिसणार कसं, दादा?"
"विझव म्हणतो ना. मॅडम, मारा किल्ली. निहाल, मॅडमना बोलव,
नको, तू मार, त्यांना बघू दे."

खर्र खर्र खर्र,
आणि अंधारात डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवरून
एक निळी रेघ पळाली,
वाट चुकलेल्या मुंगीसारखी.
परत. परत.
केसाएवढी चीर.
तिच्यात दव बसलं की
प्लगकडे निघालेली ठिणगी
मधेच भलत्या दारी उतरायची.

थंडी नव्हतीच म्हणजे. ओल होती.
कोरडा पारा नि ओला पारा
रोज शेजारी शेजारी वाचलेली मी,
दोघांतल्या फरकावरून दवबिंदू काढणारी,
वहीत नुसता कोरडा लिहीत बसले.
तांबोळींना हे सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.
फडक्यानं टोपी पुसली. "आता मार."
सुरू.
बिरादार ढकलायच्या पवित्र्यात होता,
तसाच राहिला.

नवी टोपी बसली, साडेचारशेची.
एकवीस, बावीस, तेवीस: सुरू.
पण अधूनमधून ती सुरू व्हायचीच,
आणि धुकंही त्यानंतर पडलेलं नाही.
तांबोळी म्हणतात, बरी झाली.
मी वहीत एक रकाना वाढवलाय
आणि पहाटे चपला काढून
सोसायटीच्या लॉनवर उभी राहते.
कोरडं.
केंजळे गॅलरीतून बघत असतात.