कडेवरचं नाव

वास्कोत, तळाच्या गेटासमोरच्या गल्लीत, माझी मशीन.
संचलनाच्या आदल्या रात्री नौदलाची पोरं धावत येतात,
मास्टर, उद्या सातच्या आत हवीत.
मग माझ्या टेबलावर लढाया ओळीने निजतात,
एकीच्या खांद्यावर दुसरी किंचित चढलेली,
मानाप्रमाणे, वयाप्रमाणे नव्हे.

मंगळवारी फोंड्याहून एक बाई आली.
वडलांची पदकं रुमालात.
हवालदार म्हंकाळ येडगे, आटपाडीचे.
गोल चकतीवर उभी भवानी तलवार,
लाल फितीवर पाच बारीक हिरव्या रेघा,
वर आडव्या पट्टीवर इतकंच: गोवा, १९६१.
कडेला नाव कोरलेलं. कारकुनाने एक अक्षर गिळलं,
म्हंकाळचा मंकाळ झाला
आणि पेन्शनपर्यंत तसाच राहिला.

"बाबा ट्रक चालवायचे. बटाट्यांचा.
गोळी एकसुद्धा झाडली नाही.
उसगावात कुणी तांब्याभर पाणी दिलं,
तेवढंच सांगायचे, दर डिसेंबरात,
आणि तांब्याला पोचा होता, हेही."

शुक्रवारी एस्पेरान्स बाय. नाताळ तोंडावर.
बिस्किटांच्या डब्यात नवऱ्याचं पदक,
पाकल्यांच्या फौजेतलं, सद्वर्तनाचं.
फीत इतकी विरलेली की रंग विचारावा लागला.
तिलाही आठवेना.
"अस्नोड्याचा पूल उडवणाऱ्यांत तो होता.
म्हणायचा, हुकूम आला, वात पेटवली,
धूर खाली बसला तेव्हा कळलं,
घर पलीकडे राहिलं."

मी काही बोललो नाही.
पूल पुन्हा उभा राहीपर्यंत
त्याच पाण्यावर माझा आजा होडी मारत होता.
आधी जवान, मग सुईण, मग मास्तर, मग एक वरात,
नवरी उलटी करत होती म्हणे.
त्याची फीत कुठल्या रंगाची असती?
वल्ह्याचे घट्टे मात्र त्याच्यासोबत जळले.

दोन्ही पदकं आठवडाभर एकाच खणात होती.
एका पट्टीवर बसवायचा नियम नाही.
बसवली नाहीत.
बायला नवी फीत लावून दिली,
जुनी तिने मागून घेतली, पदरात बांधली.

येडग्यांच्या मुलीने जाताना विचारलं होतं,
ते अक्षर घालता येईल का, मास्टर?
बाई, मी शिंपी. धातूला टाका बसत नाही.

पण मागच्या अस्तरावर,
जे छातीला लागतं आणि कुणाला दिसत नाही,
तिथे लाल दोऱ्याने घातला एक ह.

पैसे फितीचे घेतले.