उजेड कुठून येतो

मे महिना, त्रिमूर्तीनगर, दुपारचे तीन.
कूलरसमोर लॅपटॉप, लॅपटॉपवर मंगळ,
शेजारी उमाठे सर,
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर हिरवी पट्टी.

मी म्हटलं, टेकडी.
"काहून घाई करतं वं?
सूर्य कोणत्या अंगाला, ते पाह्य आधी."
लॅपटॉप उलटा धरला
तर टेकडी आत गेली,
खड्डा झाली,
वरच्या काठाखाली सावली साचलेली.

मग एक बारीक, वळणं घेत गेलेली रेघ.
नदी, मी म्हटलं, जरा दबकतच.
ते एका डोळ्यानं पाहत राहिले, बराच वेळ.
वर्गात कामठीचा वालुकाश्म हातात देऊन
जिभेला लावून पाहा म्हणायचे,
आम्ही खिदळायचो.

"इथं जीभ पोचत नाही," म्हणाले.
"म्हणून 'असावी' लिही.
'आहे' नको."

लिहिलं.
तेवढ्यात कूलर कोरडा घरघरू लागला.
बादली घेऊन वाकले तर टाकीच्या पत्र्यावर
पांढऱ्या क्षारांच्या रेघा, एकीखाली एक:
परवाचं पाणी, कालचं, सकाळचं.

बादली तशीच हातात.
खिडकीतून ऊन कुठून येतंय
ते आधी पाहिलं.