पासंग

निकाल लागला त्या दुपारी मी उदगीरच्या मोंढ्यात,
एक जुना प्लॅटफॉर्म काटा उलटा करून बसलेला.
वीस किलोला सव्वाशे ग्रॅम खायचा.
फोन आला : सत्त्याण्णव पूर्णांक ऐंशी.
मी म्हणलं, किलो का?
प्रणिता हसली. मला खरंच कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लातूरहून पांढरी बोलेरो आली.
आमच्या गल्लीत ती वळेना,
तर दोघं सर पेढ्यांचा पुडा सांभाळत नालीवरून चालत आले.
शंभर टक्के फी माफ, मेस माफ, पुस्तकं आमची,
तुमचं लेकरू ते आमचं लेकरू.
चकचकीत पुस्तिकेत मागच्या वर्षीची लेकरं,
पोस्टाच्या तिकिटाएवढी, प्रत्येकाच्या गळ्याखाली आकडा.
बायकोनं पदराला हात पुसून मगच ती हातात घेतली.

नांदेडवाल्यांनी फोनवरच सांगितलं,
पाऊण फी सोडतो, पण शनिवारच्या आत हो म्हणा,
शनिवारनंतर निम्मी.

मी नववीपर्यंत शिकलेला माणूस,
पण बत्तीस वर्षं काटे दुरुस्त करताना एवढं कळलंय,
वजन आधी टाकायचं नाही.
आधी रिकामं पारडं बघायचं.
काहीच नसताना काटा कुठं थांबतो, ते.

म्हणून विचारलं, लेकरू आजारी पडलं, मार्क घसरले, तर?
सरांनी शेवटचं पान उघडलं.
अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.
प्रणितानं मोठ्यानं वाचलं :
प्रत्येक चाचणीत पंचाण्णव. एकदा जरी खाली आली तर सवलत बंद,
आणि आधीची माफ केलेली फीसुद्धा भरायची.
"तुमच्या मुलीला काय अवघड आहे त्यात?" सर म्हणले.
खरंच होतं ते.
पेढा मात्र माझ्या गालात तसाच राहिला.

अंबाजोगाईला आम्ही एसटीनं गेलो.
जुनं कॉलेज. फाटकावर कुणाचाच फोटो नाही.
क्लार्कनं जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवत एका ओळीवर थांबला.
कुण्या शिक्षकानं बायकोच्या नावानं ठेव ठेवलेली,
हुशार लेकरासाठी वर्षाला बारा हजार, दोन वर्षं.
अट?
हजेरी.
आणि मार्क कमी पडले तर?
"तर जास्तच लागतील न तिला पैसे," तो म्हणला
आणि कार्बन हुडकू लागला.

रात्री लग्नपत्रिकेच्या पाठीमागं हिशेब.
हॉस्टेल, मेस, जुनी पुस्तकं.
बारा जाऊन वर एकतीस हजार.
एकतीस म्हणजे साठ-सत्तर काटे, सोयाबीनचा हंगाम धरून.
लातूर फुकट होतं.
परत सांगतो, फुकट.
आन् मी मनातून तिकडंच झुकलो होतो, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्यांचे काटे कितीक पकडले मी,
पण आपल्या घरचं पारडं हलकं असलं
की सव्वाशे ग्रॅम दिसत नाहीत डोळ्याला.

प्रणिता म्हणली, "बाबा, पारडी सारखी यायला
तुम्ही पासंग लावता न? खडा, तार, काहीबी?"
हाव, म्हणलं.
"मग एवढा तुम्ही लावा."

गल्लीत बोलूलाले, पांचाळ येडा झाला,
दारात आलेली बोलेरो माघारी लावली.
असंल.
सरांचा नंतर एकदा फोन आला,
नुसता फोटो तरी द्या म्हणले, पुस्तिकेसाठी.

ट्रंक भरली तेव्हा धाकट्यानं हौसेनं ती काट्यावर ठेवली.
तेवीस किलो चारशे.
मी कडी बसते का बघायला वाकलो, तार आणायला आत गेलो,
येऊन बघतो तर तेवीस साडेसहाशे.
काटा माझाच, कालच लावलेला.
बायको चुलीकडं तोंड करून उभी,
हाताला जवसाच्या चटणीचा वास.