डावीकडची जागा

नेलिदानं जेवणाच्या टेबलावर कागद पसरलाय,
मक्याची सालं कोपरानं बाजूला सारून.
खाली चुलीपाशी गिनी पिगांची चुळबुळ,
वर आमचा प्रवास:
ओयांतायताम्बोहून बेचाळीस किलोमीटर,
मग बस, मग डोंगर, मग ते अवशेष,
जे बघायला सगळं जग आमच्या दारावरून जातं
आणि आम्ही दारातच.

"ओळखपत्रं काढ, आई."
माझं मिठाच्या बरणीखाली सापडतं.
हिलारियोचं, मुदत संपून दोन वर्षं झालेलं.
फोटोतल्या माणसाचे सगळे दात शाबूत.

"काचेच्या छताची गाडी परदेशी लोकांची,"
पोरगी सांगते, जणू मला ठाऊकच नाही.
बावीस वर्षं फलाटावर उकडलेली कणसं विकली मी,
वर चीजचा तुकडा, तिखट वेगळं.
आधी खिडक्यांतून हात यायचे, थंडीनं लाल झालेले,
सुट्टे न मोजता देणारे.
मग न उघडणाऱ्या खिडक्या आल्या.
कणीस तेच राहिलं.
हात काचेमागे गेले, नुसते हलू लागले.

आपली गाडी वेगळी. दहा सोल.
वर चढायची वेळसुद्धा आधीच ठरवायची,
सकाळी सहा की दुपारी बारा;
उशीर झाला तर डोंगर तुमचा नाही.

हिलारियो भिंतीला टेकून बसलाय, पोंचो गुडघ्यांवर.
भिंतीचे खालचे चार थर इंकांचे,
मुंगीनं वळसा घालून जावं इतके घट्ट.
वरच्या विटा त्याच्या बापाच्या, त्यांतून वारा येतो.
"दगड बघायला डोंगर कशाला चढू?
रोज पाठीला लागतात.
माणसं निघून गेली की त्याला अवशेष म्हणतात.
आपण गेलो नाही, म्हणून हे घर."

नेलिदा ऐकते न ऐकल्यासारखं.
यादी लिहिते: टोप्या, पाणी, कोकाची पानं,
बाबांच्या गुडघ्याचं मलम.
"गाडीत कुठल्या बाजूला बसायचं गं?"
मी काय सांगू?
मी गाडी बाहेरूनच पाहिलेली.

"डावीकडे," तो म्हणतो.

एकतीस वर्षं रुळांच्या टोळीत होता.
पहार, खडी, स्लीपर, पुन्हा खडी.
घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा.
आता बोलतो, डोळे मिटून, बोटानं मांडीवर ठोके देत:
"डावीकडे नदी. सगळी वाट नदी.
सत्याहत्तरच्या खांबापाशी वेरोनिकाचं बर्फ,
ते मात्र उजवीकडे, मान वळवायची.
ब्याऐंशीला पूल. तिथं ओझी वाहणारी पोरं उतरतात.
शहाऐंशीला ड्रायव्हर शिट्टी देतो.
उगाच देतो. तिथं ना फाटक, ना गाव."
थांबतो.
"अठ्ठ्याऐंशीला दरड आली होती.
प्लासिदो खालच्या अंगाला गेला होता, किटली भरायला.
नदीनं एक बूट परत दिला."

नेलिदाचं पेन कागदावर टेकलेलं,
शाईचा ठिपका मोठा होत चाललाय.
तिला हे ठाऊक नव्हतं.
मला होतं; दुसरा बूट शोधत
हा किती रविवार काठानं फिरला, तेही.

"अठ्ठ्याऐंशीला थांबते का गाडी?"
"नाही, बाबा."
"हळू होते?"
ती फोनवर शोधते.
असलं काही कुणी लिहून ठेवत नाही.
"वळण आहे," तोच म्हणतो. "व्हावंच लागतं हळू.
तिथले रूळ मी बसवलेत."

तारखेचा रकाना अजून कोरा.
आधी फोटो, मग कुस्कोच्या कचेरीत अख्खा दिवस,
मग ओळखपत्र, मग बघू.
मी उठते, टोपलीतली कणसं चाचपते,
कवळी वेगळी, जून वेगळी.
तिघांना सहा पुरतील. चीज जरा जास्त.
आणि एक वरचं,
खिडकी उघडत असली तर
अठ्ठ्याऐंशीला.